बक्षीस, बलुतं आणि पगार

ह्यूस्टनमधल्या त्या रेस्टॉरंटात मी टिप ठेवली नाही, ती विसरून नव्हे. ठरवून ठेवली नाही. २००९च्या दिवाळीत मुलीकडे पहिल्यांदाच गेलो होतो. जेवण झाल्यावर ती गाडी आणायला पुढे गेली आणि बिल मी चुकतं केलं, अगदी सेंटपर्यंत मोजून. दाराशी पोचतो तोच आम्हाला वाढणारी बाई मागून आली. साठीच्या आसपासची असेल. जेवणात काही कमी राहिलं का, माझं काही चुकलं का, असं तिनं अगदी मृदूपणे विचारलं. मी म्हणालो, नाही, सगळं उत्तम होतं. ती क्षणभर उभी राहिली, मान हलवली आणि आत गेली. माझ्या उत्तरानं तिची शंका फिटली असं मला वाटलं होतं.

गाडीत मुलीनं विचारलं, "बाबा, टिप किती ठेवलीत?"

"काही नाही. मी टिप देत नाही, तुला ठाऊक आहे."

तिनं पुढच्या चौकातून गाडी वळवली, परत रेस्टॉरंटपाशी आणली, काही न बोलता आत गेली आणि दोन मिनिटांनी बाहेर आली. मग म्हणाली, "बाबा, इथे वेट्रेसला मालक तासाला दोन डॉलर तेरा सेंट देतो. बाकीचा पगार आपण द्यायचा असतो."

मी टिप का देत नव्हतो, ते सांगायला हवं. माझे वडील गिरगावातल्या एका हॉटेलात सव्वीस वर्षं वेटर होते. चौथीत असताना एका वर्गमित्राच्या वाढदिवसाला त्याचे वडील आम्हा पाचसहा मुलांना हॉटेलात घेऊन गेले. ते नेमकं माझ्या वडिलांचंच हॉटेल निघालं, आणि टेबलही त्यांचंच. त्यांनी मला ओळख दिली नाही, मीही दिली नाही. बडीशेपेच्या बशीत मित्राच्या वडिलांनी चार आणे टाकले. माझ्या वडिलांनी ते उचलले आणि हात कपाळाशी नेला. ते दृश्य पन्नास वर्षं मनातून गेलं नाही. पुढे मी इतिहासाचा प्राध्यापक झालो, चार पैसे खिशात आले, तेव्हा ठरवून टाकलं की कुणाला असा हात कपाळाशी न्यायला लावायचा नाही. माझ्या दृष्टीनं टिप न देणं हा समतेचा आचार होता. त्या आचाराची किंमत ह्यूस्टनमधल्या एका बाईनं भरली, हे कळल्यावर मला झोप लागेना. दोन डॉलर तेरा सेंट हा आकडा आला कुठून, एवढंच शोधायचं म्हणून सुरुवात केली आणि त्यातून हा लेख झाला.

सुरुवात शब्दापासून करावी लागते. आपण टिपेला 'बक्षीस' म्हणतो आणि शर्यतीत पहिला आलेल्या मुलाला मिळतं तेही बक्षीसच. शब्द फारसी. 'बख्शीदन' म्हणजे देणं, बहाल करणं, क्षमा करणंसुद्धा. पेशवे दफ्तरातल्या कागदांत बक्षीस येतं ते असंच, वरच्यानं खालच्यावर खूश होऊन दिलेलं. गंमत अशी, की या फारसी धातूचं नातं भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातल्या 'भज्'शी लावतात, ज्यातून आपला 'भाग' आला. म्हणजे एकाच मुळातून दोन शब्द निघाले : एक मर्जीनं मिळणारं, दुसरं वाट्याचं.

इतर भाषांनी हा व्यवहार पिण्याशी जोडला. जर्मन 'ट्रिंकगेल्ड' म्हणजे पिण्याचे पैसे, फ्रेंच 'पूरब्वार' म्हणजे पिण्यासाठी. रशियन लोक 'ना चाय' म्हणत, चहासाठी. आपल्या 'चहापाण्या'शी हे तंतोतंत जुळतं, फक्त आपल्याकडे चहापाणी कचेरीत लागतं. इंग्रजी 'टिप' हा शब्द काही इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून झाला, असं परदेशी प्रवासाच्या कंपन्यांचे मार्गदर्शक हौसेनं सांगतात. ती दंतकथा आहे. सतराव्या शतकात चोरांच्या आणि भटक्यांच्या बोलीत 'टिप' म्हणजे देणं, सरकवणं. तिथून तो सभ्य समाजात आला.

सभ्य समाजात आला तेव्हा त्याचं नाव मात्र 'व्हेल्स' असं होतं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एखाद्या उमरावाकडे जेवायला जाणं खर्चाचं काम असे. निघताना दिवाणखान्यापासून दारापर्यंत नोकर ओळीनं उभे असत आणि प्रत्येकाच्या हातावर काही ठेवल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसे. या प्रथेविरुद्ध सर्वांत चिकाटीनं लिहिलं ते जोनस हॅनवे या व्यापाऱ्यानं. लंडनच्या रस्त्यांवर नेमानं छत्री घेऊन फिरणारा पहिला पुरुष म्हणून त्याची एरवी ओळख आहे. पण हा गृहस्थ तरुणपणी व्यापारासाठी इराणात गेला होता, नादिरशहाच्या अमदानीत, दिल्लीच्या लुटीनंतर चारपाच वर्षांनी. तिथे त्याचा माल लुटला गेला आणि नादिरशहानं भरपाईचा हुकूम दिला. बक्षीस या शब्दाच्या मायदेशी जाऊन आलेल्या माणसानं लंडनमध्ये बक्षिशीविरुद्ध मोहीम उघडावी, हा योगायोग मला आवडतो.

हॅनवेनं १७६० मध्ये ड्यूक ऑफ न्यूकॅसलला उद्देशून या विषयावर आठ पत्रं प्रसिद्ध केली. ड्यूकच का? त्याच्याच घरी सर टिमथी वाल्डो नावाचे एक पाहुणे जेवले, निघताना त्यांनी आचाऱ्याच्या हातावर पाच शिलिंगांचं नाणं ठेवलं, तेव्हा आचारी म्हणाला, मी चांदी घेत नाही. वाल्डोंनी नाणं परत खिशात टाकलं आणि सांगितलं, मी सोनं देत नाही. हॅनवेबद्दलही असंच सांगतात. नोकर एकेक करून त्याचा कोट, टोपी आणून देत होते आणि प्रत्येकाला शिलिंग मिळत होता. शेवटी हातमोजे आले तेव्हा तो म्हणाला, ते तुम्हीच ठेवा, त्यांची किंमत शिलिंगाइतकी नाही.

किस्से हसवतात, पण हॅनवेचा मुद्दा नीट वाचला तर तो नोकरांच्या हावरेपणावर थांबत नाही. तो म्हणतो की मालक पगार तुटपुंजा देतात आणि उरलेला पाहुण्यांकडून वसूल करू देतात. म्हणजे ड्यूकच्या नोकराचा पगार वाल्डो देत होते. साधारण त्याच सुमाराला स्कॉटलंडमधल्या जमीनदारांनी एकत्र येऊन ठराव केले, की व्हेल्स बंद करायचे आणि त्याबदल्यात पगार वाढवायचे. लंडनमध्ये काही सरदारांनी व्हेल्स बंद केले तेव्हा १७६४ मध्ये रॅनेला बागेत नोकरांनी दंगाच केला. माझ्यासारखे तत्त्वनिष्ठ लोक तेव्हाही होते, आणि त्यांच्या तत्त्वाची झळ कुणाला बसते हे नोकरांना नेमकं कळत होतं.

अमेरिकेत ही चाल उशिरा गेली. यादवी युद्धानंतर श्रीमंत अमेरिकन युरोपच्या सफरी करू लागले आणि तिथली रीत घरी घेऊन आले. सामान्य अमेरिकनांना ती मुळीच रुचली नाही. राजा नको म्हणून ज्यांनी युद्ध केलं, त्यांनी एकमेकांच्या हातावर पैसे ठेवायचे आणि सलाम घ्यायचे? १९१६ मध्ये विल्यम स्कॉट यांचं 'द इचिंग पाम' हे पुस्तक आलं. टिप ही सरंजामशाहीची शेपूट आहे आणि लोकशाहीला ती शोभत नाही, हे त्याचं सार. मी ते वाचलं तेव्हा माझीच जुनी मतं छापलेली पाहिल्यासारखं वाटलं. नुसती पुस्तकं निघाली असंही नाही. वॉशिंग्टन राज्यानं १९०९ मध्ये टिप देणं-घेणं गुन्हा ठरवला. मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, साउथ कॅरोलायना, टेनेसी या राज्यांनी पुढच्या काही वर्षांत तसेच कायदे केले. १९२६ पर्यंत ते सगळे रद्द झाले होते. यांतल्या कुठल्याही कायद्यानं मालकाला पगार वाढवायला सांगितलं नव्हतं. टिप बंद आणि पगार तेवढाच, तर वेटरनं जगायचं कशावर, याचं उत्तर नसलेला कायदा टिकला नाही यात नवल नाही.

त्यातही दक्षिणेकडच्या राज्यांनी हे कायदे का केले, ते पाहताना त्या काळच्या अमेरिकेतला वर्णभेद डोळ्यांआड करता येत नाही. १९०२ मध्ये एका गोऱ्या पत्रकारानं लिहिलं होतं की काळ्यांनी टिप घेणं त्यांच्या हलकेपणाला साजेसंच आहे, पण गोऱ्या माणसाच्या हातावर पैसे ठेवताना आपल्याला संकोच होतो. वडिलांचा कपाळाशी गेलेला हात मला पुन्हा दिसला तो हे वाचताना. टिप घेण्यात हलकेपणा आहे, एवढं त्या पत्रकाराचं आणि माझं एकमत होतं. ते एकमत कुठून आलं होतं, हा विचार मी तोवर केलेला नव्हता.

इथे पुलमन कंपनीकडे वळावं लागतं, कारण अमेरिकेतल्या टिपेचा खरा इतिहास रेस्टॉरंटात नाही, रेल्वेच्या डब्यात घडला आहे.

जॉर्ज पुलमन यांनी १८६७ मध्ये आलिशान शयनयानांची कंपनी काढली. बिछाने घालणं, बूट पुसणं, रात्री हाकेला ओ देणं, यांसाठी पोर्टर हवे होते. ते त्यांनी नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांतून घेतले. पगार कमी ठेवला, उरलेलं उतारूंनी द्यावं अशी योजना. पुढे ही कंपनी देशात काळ्यांना नोकऱ्या देणारी सर्वांत मोठी कंपनी झाली आणि पोर्टरची नोकरी त्या समाजात प्रतिष्ठेची मानली गेली. त्या प्रतिष्ठित नोकरीत महिन्याला अकरा हजार मैल किंवा सुमारे चारशे तास भरावे लागत. बुटाचं पॉलिश पोर्टरनं पदरमोड करून आणायचं.

आणि त्याला नाव नसे. उतारू प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' म्हणत, मालकाच्या नावावरून, जसं गुलामाला धन्याच्या नावानं ओळखत. आपल्याकडच्या हॉटेलांत प्रत्येक पोऱ्याचा 'बारक्या' होतो, तसंच. याविरुद्ध १९१४ मध्ये एक संस्थाही निघाली. ती काढली जॉर्ज नावाच्या गोऱ्या गृहस्थांनी, आपल्या नावाची अप्रतिष्ठा होते म्हणून, आणि अर्धी थट्टेतच! १९२६ मध्ये कंपनीनं डब्यात पोर्टरच्या नावाची पाटी लावायला सुरुवात केली. तेव्हा सुमारे बारा हजार पोर्टर आणि वाढप्यांत खरे जॉर्ज फक्त ३६२ निघाले, असं सांगतात.

१९१५ मध्ये औद्योगिक संबंधांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगापुढे पुलमन कंपनीची साक्ष झाली. पोर्टरचा पगार महिना साडेसत्तावीस डॉलर असल्याचं तिथे नोंदलं गेलं. यात कुटुंब चालत नाही आणि उतारूंच्या टिपेवर ते चालावं अशीच अपेक्षा आहे, हेही उघड झालं. साक्ष देणाऱ्यांत कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते रॉबर्ट टॉड लिंकन. गुलामांची मुक्ती जाहीर करणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव. कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर आपण ओढूनताणून आणलेलं म्हटलं असतं.

पोर्टरांनी २५ ऑगस्ट १९२५ रोजी हार्लेममध्ये आपली संघटना स्थापन केली. नेते म्हणून त्यांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांना बोलावलं. रँडॉल्फ पोर्टर नव्हते, एका समाजवादी मासिकाचे संपादक होते. म्हणूनच कंपनीला त्यांना कामावरून काढता येणार नव्हतं. गोऱ्या कामगारांच्या रेल्वे संघटनेनं १८९४च्या प्रसिद्ध पुलमन संपात काळ्यांना सभासदत्व नाकारलं होतं, त्यामुळे सगळं मुळापासून उभारायचं होतं. रँडॉल्फ यांची मागणी होती ती दीडशे डॉलर पगाराची आणि महिना २४० तासांची. टिप वाढवा असं ते म्हणाले नाहीत. टिपेवर जगणारा माणूस दिवसभर चेहऱ्यावर हसू चढवून वावरतो आणि ते हसू कामाच्या बाहेरही त्याला चिकटतं, असं त्यांचं निदान होतं. सगळ्याच पोर्टरांना हे पटत नव्हतं. श्रीमंत मार्गावरच्या पोर्टरला टिपा भरपूर मिळत, त्याला ठरावीक पगाराची भीती वाटे. हा प्रश्न आजही अमेरिकेतल्या वेटरांत तसाच आहे.

संघटनेनं १९२७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे अर्ज केला. पगार कमी ठेवून उतारूंकडून टिप वसूल करणं म्हणजे छुपं भाडं आहे, ते बंद करा, असा युक्तिवाद. १९२८ मध्ये आयोगानं हा आपल्या अधिकारातला विषय नाही म्हणून हात झटकले.

१९२८ हे वर्ष वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं. मराठी वाचकाला या वर्षी आणखी एक गोष्ट आठवायला हवी. १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. महार वतनदार सरकारची कामं करायचा, दिवसा आणि रात्रीही. टपाल पोचवायचं, सारा वसुलीसाठी लोकांना बोलवायचं, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचं. काम सरकारचं, पण मोबदला कुणी द्यायचा? थोडी वतनी जमीन, आणि बाकी बलुतं गावानं द्यायचं. सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन उभं राहायचं आणि कुणबी देईल ते पदरात घ्यायचं. दिलं नाही तर दाद कुणाकडे मागायची, ते स्पष्ट नाही. बाबासाहेबांची मागणी होती की या कामाचा ठरलेला मोबदला रोख मिळावा, त्यासाठी बलुत्याचं रूपांतर पैशात व्हावं, आणि मिळेल-न मिळेल हे गावाच्या मर्जीवर राहू नये.

बलुतं म्हणजे टिप नव्हे, हे मला मान्य आहे. बलुत्याला रूढीनं हक्काचं रूप होतं, ते जातीशी जखडलेलं होतं आणि ते सोडून दुसरीकडे जाण्याची मुभा नव्हती. पुलमनचा पोर्टर निदान राजीनामा देऊ शकत होता. पण मुळाशी गाठ एकच दिसते. काम एकाचं, मोबदला तिसऱ्याच्या मर्जीवर, आणि ती मर्जी राखण्यासाठी वाकणं हा कामाचाच भाग. रँडॉल्फ आणि बाबासाहेब यांना एकमेकांच्या या प्रयत्नांची माहिती होती असा माझा दावा नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. हार्लेम तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. लिंकनपुत्राची साक्ष झाली तेव्हा ते न्यूयॉर्कमध्ये अभ्यास करत होते, एवढंच म्हणता येतं.

बाबासाहेबांचं विधेयक विरोधामुळे पुढे जाऊ शकलं नाही आणि त्यांना ते मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८चा, त्यांच्या निधनानंतर. रँडॉल्फ यांना थोडं लवकर यश आलं. २५ ऑगस्ट १९३७ रोजी, संघटनेच्या बाराव्या वाढदिवशी, पुलमन कंपनीनं करारावर सही केली. पगार वाढला, महिन्याचे तास २४० झाले. एवढ्या मोठ्या अमेरिकी कंपनीनं काळ्या कामगारांच्या संघटनेशी केलेला हा पहिला करार. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची व्यवस्था लावणारे ई. डी. निक्सन हे पुलमनचेच पोर्टर होते.

शिकागोला पुलमनच्या कारखान्याचा विटांचा घड्याळमनोरा आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. भाच्यानं मला तिथे नेलं. मी बराच वेळ त्या मनोऱ्याखाली बसलो होतो.

आता दोन डॉलर तेरा सेंट. १९३८ मध्ये अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला, तासाला पंचवीस सेंट. हॉटेल आणि रेस्टॉरंटातले कामगार त्यातून वगळले. १९४२ मध्ये रेल्वे स्थानकावरच्या हमालांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेला मुभा दिली, की हमालाला मिळणारी टिप त्याच्या किमान वेतनात धरली तरी चालेल. म्हणजे उतारूनं हमालाला दिलेला पैसा हमालाला मिळेच, पण तेवढा रेल्वेचा वाचे. १९६६ मध्ये हॉटेल कामगारांना कायद्याचं छत्र मिळालं, पण याच युक्तीसह : किमान वेतनाचा अर्धा भाग मालकानं द्यायचा, उरलेला अर्धा टिपेतून आला असं धरायचं. १९९१ मध्ये किमान वेतन सव्वाचार डॉलर झालं, त्याचं अर्ध दोन डॉलर साडेबारा सेंट, म्हणजे तेरा. १९९६ मध्ये किमान वेतन वाढवताना काँग्रेसनं हा आकडा तिथेच गोठवला. किमान वेतन २००९ मध्ये सव्वासात झालं. वेटरचे दोन तेरा ते दोन तेराच राहिले. टिप धरूनही सव्वासात भरले नाहीत तर फरक मालकानं द्यावा असं कायदा म्हणतो. तो फरक मागायला मालकापुढे उभं राहणं किती जणांना परवडतं, हे वेगळं सांगायला नको. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा सात राज्यांत मात्र मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. टेक्सस त्यांत नाही.

याउलट जपानचं उदाहरण सगळे देतात. तिथे टिप ठेवली तर वेटर पैसे विसरलात म्हणून मागे धावत येतो, आणि हा त्यांच्या संस्कृतीचा गुण आहे, असं प्रवासवर्णनांत वाचायला मिळतं. पहिला भाग खरा आहे, माझ्याच बाबतीत क्योतोत घडलं. दुसऱ्याबद्दल सावध राहावं. जपानी सराईत पूर्वी 'चादाई' देण्याची रीत होती. चादाई म्हणजे चहाचे पैसे, पुन्हा आपलं चहापाणीच. ते खोलीच्या भाड्याहून वेगळे, आणि किती द्यायचे या चिंतेनं उतारू हैराण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चादाई बंद करण्याची चळवळ तिथे झाली. हळूहळू सेवेचा आकार बिलातच धरला जाऊ लागला. फ्रान्समध्येही सेवाशुल्क कायद्यानं किमतीतच असतं. वर टेबलावर चार नाणी ठेवली तर ठेवली. १९३६च्या अखेरीस जॉर्ज ऑरवेल बार्सिलोनात पोचले तेव्हा लिफ्टवाल्या पोराला टिप देऊ केली म्हणून हॉटेलच्या व्यवस्थापकानं त्यांची शाळा घेतली होती. म्हणजे प्रथा मोडते. पण मी शोधलेल्या उदाहरणांत ती टिकाऊ मोडली तिथे आधी पगाराची सोय झालेली दिसते. गिऱ्हाइकानं खिशात हात घालायचं बंद केलं म्हणून मालकानं पगार वाढवला, असं एकही उदाहरण मला सापडलं नाही.

परदेशी असलेल्या किंवा मुलांकडे जाणाऱ्या वाचकांनी मला हे विचारलं आहे, म्हणून थोडक्यात. अमेरिकेत टेबलावर कुणी वाढत असेल तर बिलावर पंधरा ते वीस टक्के हा किमतीचाच भाग समजावा आणि तेवढा खर्च झेपत नसेल तर काउंटरवरून घ्यावं. तिथे पडद्यावर टिपेचे आकडे आले तरी संकोचायचं कारण नाही. हॉटेलात खोली साफ करणारी बाई दिसत नाही, म्हणून तिला विसरू नये. उशीपाशी रोज काही डॉलर आणि एक चिठ्ठी ठेवावी. इंग्लंडात आधी बिल वाचावं, सेवाशुल्क लावलेलं असतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या मालकाला टिपेतला एक पेनीही ठेवून घेता येत नाही. जपानात 'आरिगातो' पुरे. आपल्याकडचं सांगायचं तर बिलात आपोआप लावलेलं सेवाशुल्क २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी बंद केलं आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही त्या उचलून धरल्या. त्यात ग्राहकाचा विचार पुष्कळ झाला. वेटरच्या पगाराची चर्चा मला कुठे फारशी ऐकू आली नाही.

अमेरिकेत २०२५ मध्ये टिपेवरच्या प्राप्तिकरात सूट देणारा कायदा झाला, त्याचं तिथल्या माझ्या नातेवाइकांना कौतुक आहे. दोन तेराला त्या कायद्यानं हात लावलेला नाही.

ह्यूस्टनला मी त्यानंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्या रेस्टॉरंटात जाऊन आलो, ती बाई दिसली नाही. नाव विचारलं नव्हतं, त्यामुळे चौकशी तरी कशी करणार?

एक कागद मात्र घरातच होता. वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत एक लांबोडकी वही सापडली होती. तेव्हा मी ती हिशेबाची म्हणून बाजूला ठेवली. हा लेख लिहिताना काढली. दर महिन्याला दोन रकाने आहेत, 'पगार' आणि 'वरचे'. वरचे म्हणजे टिपा. रात्री सगळे वेटर डब्यातले पैसे वाटून घेत, त्यांतला वाटा. माझी शाळेची फी, वह्या, आईचं औषध, सगळं 'वरच्या'तून गेलेलं आहे. एका पानावर १९६३च्या दिवाळीचा महिना आहे. पगार ५५. वरचे ६१. खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे : 'पोस्त मागितली. शेट म्हणाले, यंदा वरचे बरे झाले आहेत, निराळी पोस्त नाही.'